गाडी जपायची की सजवायची?

मैत्रिणींनो,

या आठवड्याच्या टपालात एक जाडजूड पाकीट आले. आत चार कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेले, आणि एक फोटो. फोटोत कडुनिंबाखाली उभी असलेली पांढरी मारुती. टपावर पाचोळा, काचांवर धुळीचा थर, पुढचे एक चाक हवा जाऊन बसलेले. फोटोच्या मागे बारीक अक्षरात लिहिले होते, 'मामंजींची गाडी, १९८५.'

पत्र छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतून आले आहे. नाव छापू नका असे बजावले आहे, तेव्हा आपण त्यांना नुसते 'छावणीच्या वहिनी' म्हणू या.

वहिनींच्या मामंजींनी ही गाडी नंबर लावून, वाट पाहून घेतली. स्वतः धुवायची, स्वतः पुसायची. दुसऱ्या कोणी दार जोराने लावले तर त्यांच्या कपाळाला आठी पडायची. अडीच वर्षांपूर्वी मामंजी गेले आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच. सासूबाई दसऱ्याला झेंडूचा हार घालतात, पण कोणाला आत बसू देत नाहीत. वहिनींच्या यजमानांनी आता मनावर घेतले आहे. गाडीला लाल रंग द्यायचा, नवी चकचकीत चाके, चामड्याच्या सीटा, मोठा म्युझिक सिस्टीम. गॅरेजवाल्याने सव्वादोन लाखांचा अंदाज दिला आहे. मुलगा म्हणतो, भंगारात द्या आणि मला बाइक घ्या. मुलीचा कॉलेजचा प्रवेश पुढच्या वर्षी आहे आणि खर्चासाठी बँकेतली ठेव मोडायची चालली आहे ती नेमकी तिच्याच शिक्षणाची.

'मी नको म्हटलं की हे म्हणतात, तुला माझ्या वडिलांच्या वस्तूची किंमतच नाही,' वहिनी लिहितात. 'ताई, मी खरंच इतकी कोरडी आहे का हो?'

आणि शेवटी ताजा कलम : 'गाडी चालवायला मला मामंजींनीच शिकवलं. पहाटे, छावणीतल्या मोकळ्या रस्त्यांवर. घरात हे कोणाला आठवतसुद्धा नसेल.'

वहिनी, तुम्ही कोरड्या नाही. कोरड्या माणसाला ताजा कलम सुचत नाही. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी सविस्तर देणार आहे. कारण गाडी नसली तरी प्रत्येकीच्या घरी असे काही ना काही असतेच. सासूबाईंचे शिवणयंत्र, आजोबांचा रेडिओ, नाहीतर परसात उभी असलेली जुनी स्कूटर.

आधी ही गाडी म्हणजे काय ते समजून घेऊ. आपण तिला 'मारुती' म्हणतो, पण तिचे माहेर जपानचे. सुझुकी कंपनीशी करार झाला १९८२ साली, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिली. सुरुवातीच्या गाड्यांचे बहुतेक सुटे भाग जपानहून यायचे आणि इथे जोडले जायचे. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे छोटेसे इंजिन, बारा इंची चाके. १९८६ साली गाडीचे रूप बदलले. म्हणजे वहिनींच्या दारातली गाडी त्या पहिल्यावहिल्या रूपातली, जेमतेम तीन वर्षे निघालेली. पुढे २०१४ च्या जानेवारीत उत्पादन थांबेपर्यंत पंचवीस लाखांहून अधिक मारुती ८०० निघाल्या, पण या पहिल्या रूपातल्या आता क्वचितच नजरेला पडतात.

तुम्ही म्हणाल, 'अहो, पण ती काही रेसची गाडी नव्हे!' खरे आहे. जुन्या जपानी गाड्यांचे शौकीन जगभर ज्यांच्यासाठी वेडे होतात त्या गाड्या निराळ्या. टोयोटाची २००० जीटी ही १९६७ ते १९७० या काळात साडेतीनशेच्या आसपासच निघाली. आज तिचा लिलाव दहा लाख डॉलर्सच्या पुढे गेलेला आहे. दुसरी डॅटसन २४० झेड, अमेरिकेत घरोघरी गेलेली आणि गंजाने तितकीच बदनाम झालेली. तिसरी माझदाची दोन माणसांची, टप उघडणारी रोडस्टर, १९८९ सालची. आपल्याकडे परदेशी गाडी आणणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते, त्यामुळे अशा गाड्या आपल्या रस्त्यांवर दिसल्याच नाहीत. मध्यमवर्गीय घराच्या वाट्याला जपानी गाडी आली ती मारुतीच्या रूपाने.

पण त्या श्रीमंत गाड्यांच्या घरी पुढे काय झाले ते आपल्या कामाचे आहे. १९९० नंतरच्या दशकात निसान कंपनीने आपल्याच जुन्या २४० झेड परत विकत घेतल्या, पहिल्यासारख्या करून पुन्हा विकल्या. खर्च इतका आला की चाळीस गाड्याही होण्याआधी काम बंद करावे लागले. माझदाने २०१७ साली जपानमध्ये जाहीर केले की पहिल्या रोडस्टर आम्ही नव्यासारख्या करून देऊ. त्यासाठी जुन्या नक्षीचे टायर, लाकडी स्टिअरिंग, टपाचे कापड हे सगळे पुन्हा बनवून घेतले. टोयोटाही २०२० पासून आपल्या जुन्या गाड्यांचे बंद पडलेले सुटे भाग पुन्हा काढू लागली आहे.

म्हणजे बघा, लोकांनी हौसेने काढून टाकलेल्या स्टिअरिंगसाठी आणि टायरसाठी पुढे कंपन्यांना साचे नव्याने बनवावे लागले. काढून टाकायला एक दुपार पुरते. परत आणायला तीस वर्षांनी कारखाना लागतो!

आपल्या जवळचेच उदाहरण सांगते. छावणीपासून शंभर किलोमीटरवर अजिंठा. तिथली चित्रे टिकावीत म्हणून निझाम सरकारने १९२० च्या सुमारास दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटत चाललेले पापुद्रे बसवले आणि वरून लाखेचे रोगण दिले. हेतू अगदी चांगला होता. पण कालांतराने ते रोगण पिवळे पडले, काळवंडले, आणि खालचे मूळ रंग दिसेनासे झाले. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना वर्षानुवर्षे बसून ते हलक्या हाताने काढावे लागले. इतक्या मोठ्या माणसांचे असे झाले, तिथे आपल्या गॅरेजवाल्याची काय कथा?

म्हणून वहिनी, पहिले उत्तर हे : लाल रंग नको. मामंजींचा पांढरा रंग जुना झाला असेल, दोन ठिकाणी पोपडे आले असतील, तरी तो राहू द्या. रंग खरवडला की परत येत नाही, आणि नवा रंग केव्हाही देता येतो. तेव्हा घाई कशाची? त्यातून गाडीचा रंग बदलला तर आर.सी. बुकातही तो बदलून घ्यावा लागतो, हे तुमच्या यजमानांना गॅरेजवाल्याने सांगितले आहे का?

आता खर्चाचे. एक वही घ्या आणि तीन पाने करा. पहिल्या पानावर लिहा 'जिवाचे', दुसऱ्यावर 'गंजाचे', तिसऱ्यावर 'हौसेचे'. गॅरेजवाल्याची यादी समोर ठेवा आणि एकेक बाब यजमानांबरोबर बसून योग्य त्या पानावर उतरवा.

'जिवाचे' म्हणजे ज्याच्यावर माणसांचा जीव अवलंबून आहे ते. टायर, ब्रेक, ब्रेकचे रबर आणि तेल, पेट्रोलची नळी, पट्टे, दिवे. इथे 'मूळचेच ठेवू' हा हट्ट करायचा नाही. टायर वरून धडधाकट दिसला तरी रबर आतून कडक होते. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१५ असेल तर टायर २०१५ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. तो आता बदलायचाच. पेट्रोलची नळीही तशीच. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला पोखरते आणि हवेतले पाणी शोषून घेते. इथेनॉल चालेल असे रबर मागून घ्या. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकले तर काय होईल हे सांगायला नकोच.

'गंजाचे' म्हणजे आज शंभरात होणारे काम, जे टाळले तर पुढे हजारांत जाईल. पत्र्याला पडलेले भोक, गळणारे रबर बीडिंग, बॅटरीखालचा खाल्लेला पत्रा.

आणि 'हौसेचे' म्हणजे उरलेले सगळे. लाल रंग, चकचकीत चाके, चामडे, म्युझिक. माझा अंदाज असा, की सव्वादोन लाखांतला मोठा भाग या तिसऱ्या पानावर येऊन बसेल. पहिले पान या वर्षी करा, दुसरे हळूहळू, आणि तिसऱ्याला दोन वर्षे हात लावू नका. ठेव मोडायची नाही, कर्ज काढायचे नाही, दागिन्याकडे तर बघायचेही नाही. वर्षाला अमुक इतकेच, हा आकडा दोघांनी मिळून ठरवा आणि वहीच्या पहिल्याच पानावर लिहून खाली दोघांनी सही करा. हसू नका! लिहिलेल्या आकड्याला वजन असते.

'पुढे किंमत वाढेल' असे कोणी म्हणेल. वाढेलही, पण त्या भरवशावर मुलीच्या प्रवेशाचे पैसे लावायचे नाहीत. जी गाडी लाखांनी निघाली ती टोयोटा २००० जीटी होत नसते.

आता रोजच्या निगेकडे वळू. हा आपला प्रांत. जी बाई पैठणी वीस वर्षे नवी ठेवते तिला गाडी जपणे जड नाही. फक्त पद्धत माहीत हवी.

अडीच वर्षे उभ्या गाडीला एकदम किल्ली मारू नका. हे यजमानांना आधी सांगा, कारण पुरुषांना पहिली घाई तिचीच असते. चांगला मिस्त्री घरी बोलवा. तो टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकेल, कार्बोरेटर धुईल, इंजिनचे तेल बदलेल. प्लगच्या भोकांतून तेलाचे थोडे थेंब सोडून इंजिन आधी हाताने फिरवून बघेल. मगच किल्ली. सायलेन्सरच्या तोंडात उंदराने घर केले नाही ना, हेही बघायला सांगा.

त्याआधी फोटो काढून ठेवा. बाहेरून चारही बाजूंनी, आतून, बॉनेट उघडून, डिकी उघडून. काय काय मूळचे आहे त्याची यादी करा. चाकाच्या टोप्या, घड्याळे, सीटचे कापड, आरसे. मिस्त्रीला स्पष्ट सांगा की काढलेला एकही भाग भंगारात जाता कामा नये. जुना भाग कागदात गुंडाळून, वर चिठ्ठी लावून पत्र्याच्या पेटीत ठेवा. पेटीत मामंजींचे कागदही ठेवा. खरेदीची पावती, माहितीपुस्तक, जॅक, पाने, दुसरी किल्ली. शौकिनांच्या जगात गाडीबरोबर अशी पेटी असली की तिचा मान वाढतो. आणि इंजिनचा व चासीचा नंबर आर.सी. बुकाशी ताडून बघा. हे दोन नंबर म्हणजे गाडीची जन्मपत्रिका.

धुण्याचे. कोरड्या फडक्याने धूळ झटकायची नाही. धूळ म्हणजे बारीक वाळूच, ती रंगावर ओरखडे काढते. आधी साध्या पाण्याने धूळ वाहू द्यावी, मग मऊ सुती कापड. मलमलीचे जुने धोतर सर्वांत उत्तम. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण बिलकुल नको. त्याने रंगावरचे मेण निघून जाते. गाडीचा सौम्य शाम्पू वापरावा आणि दोन-तीन महिन्यांनी मेणाचे हलके पॉलिश द्यावे. ज्या पॉलिशात घासण्याची पूड असते ते वारंवार वापरू नये, जुना रंग मुळात पातळ झालेला असतो. पाणी उन्हात सुकू देऊ नका, डाग पडतात. पुसून घ्या.

कडुनिंबाची सावली माणसाला चांगली, गाडीला नव्हे. पाचोळा काचेखालच्या जाळीत अडकतो, कुजतो आणि तिथून गंज सुरू होतो. पक्ष्यांची घाण रंग खाते. दिसली की ओले कापड दोन मिनिटे वर ठेवून मग अलगद उचलावी, खरडू नये. शक्य असेल तर गाडी झाडाखालून काढून पत्र्याच्या छपराखाली घ्या. वर प्लॅस्टिकचा कागद मात्र टाकू नका. खाली दमट हवा कोंडते आणि झाकलेली गाडी उघड्या गाडीपेक्षा लवकर गंजते. सुती, हवा खेळणारे आवरण शिवून घ्या. जुन्या चादरी जोडून घरच्या मशीनवरही होईल. आपल्या मराठवाड्याची हवा कोरडी, हे एक बरे. कोकणातल्या बहिणींना गंजाची लढाई बारा महिने. आपल्याला शत्रू मे महिन्याचे ऊन. त्याने डॅशबोर्ड तडकतो, रबर चिरते. काचांना आतून जाड कापडाचा पडदा लावा.

गंज कुठे शोधाल? दाराच्या खालच्या कडेला बारीक भोके असतात, पाणी निघून जावे म्हणून. ती मातीने बुजतात आणि पाणी आत साठते. आगकाडीने हळूच मोकळी करा, तार घालू नका. पायाखालच्या चटया उचलून बघा. खालचा पत्रा ओलसर असेल तर चटया उन्हात वाळवूनच परत घाला. सुट्या चाकाच्या खळग्यात बघा. बॅटरीच्या बैठकीवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर तो ॲसिडचा प्रताप. मिस्त्रीकडून बॅटरी उतरवून घ्या. पेलाभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा कालवून ती जागा पुसा, मग साध्या पाण्याने पुसून अगदी कोरडी करा. टोकांना पेट्रोलियम जेलीचे बोट लावा. या वेळी हातात रबरी मोजे हवेत. गंजाचा ठिपका सापडला तर तेवढाच घासून, गंजरोधक प्रायमर लावून बंद करावा. भोकावर नुसती पुट्टी थापून रंग देणारा मिस्त्री असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पुट्टीखाली गंज वाढतच राहतो.

उंदीर हा तर जुन्या गाडीचा यमदूत. वायरी कुरतडतो. गाडीत बिस्किटाचा चुरा, शेंगांची टरफले राहता कामा नयेत. दर आठवड्याला बॉनेट उघडून उजेड द्यावा. सायलेन्सरच्या तोंडात फडके कोंबणार असाल तर स्टिअरिंगला लाल फीत बांधा, म्हणजे सुरू करण्यापूर्वी काढायची आठवण राहील. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असली तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, आतले ब्रेक चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दोन्हीकडून विटा लावा.

आणि सगळ्यांत मोठी निगा म्हणजे गाडी चालवणे. बरेच जण रोज पाच मिनिटे जागेवर इंजिन सुरू करून बंद करतात आणि त्याला निगा म्हणतात. उलट होते. इंजिन पुरते तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठते आणि तो आतून सडतो. आठ-पंधरा दिवसांनी वीस मिनिटे रस्त्यावर न्यावी. इंजिन, ब्रेक, टायर, सारेच ताजे राहतात. टाकीत थोडेच पेट्रोल ठेवून ते फिरते ठेवावे. महिनोन्‌महिने पडून राहू देऊ नये.

पण थांबा, रस्त्यावर नेण्याआधी कागदपत्रे. गाडी अजून मामंजींच्याच नावावर आहे असे वहिनी लिहितात. मैत्रिणींनो, ही चूक फार घरांत होते. मालक वारला की वारसाने तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. मुदत टळली असेल तर दंड पडू शकतो, पण म्हणून आणखी टाळू नका. मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती लागेल. मृत्युपत्र नसेल तर गाडीवर हक्क एकट्या मुलाचा नाही. सासूबाईंचा आहे, नणंदा असतील तर त्यांचाही आहे. तेव्हा विकायची, रंगवायची की ठेवायची, हे आधी सासूबाईंना विचारायला हवे. चार पानांच्या पत्रात त्यांना कोणी विचारल्याचे मला कुठे दिसले नाही.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी हे शुल्क केंद्र सरकारने २०२५ च्या ऑगस्टमध्ये दहा हजार रुपये केले. त्याशिवाय राज्याचा पर्यावरण कर, विमा, पी.यू.सी. हा खर्च वहीत 'जिवाचे' या पानावरच धरा. आर.सी. बुकातली तारीख उलटून गेली असेल तर ती पूर्ण होईपर्यंत गाडी फाटकाबाहेर काढायची नाही.

अजून एक नियम तुमच्या यजमानांना वाचून दाखवा. २०२१ च्या जुलैमध्ये सरकारने 'व्हिंटेज' गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना तिचा लाभ आहे. दहा वर्षांची नोंदणी आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. मात्र अशी गाडी मग रोजच्या वापराला काढता येत नाही. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नकोत. मामंजींच्या गाडीला २०३५ साली पन्नास वर्षे पूर्ण होतील. तोवर तिला हात न लावता राखली तर तो मान तिला मिळू शकतो.

आणि यातले काहीच झेपणार नसेल तर? तेही प्रामाणिकपणे बघा. जागा नाही, वेळ नाही, कोणाला मनापासून आवड नाही, असे असेल तर जुन्या गाड्यांची कदर असलेल्या माणसाला ती आहे तशी, कागद पूर्ण करून, द्यावी. त्यात कमीपणा नाही. कडुनिंबाखाली हार घालून गंजू देण्यापेक्षा ते केव्हाही बरे. त्या पहिल्या मारुतीचीच गोष्ट घ्या. हरपाल सिंगांनी ती अखेरपर्यंत विकली नाही. २०१० साली ते गेले आणि देशातली ती पहिली गाडी घराबाहेर उघड्यावर गंजत उभी राहिली. पुढे कंपनीनेच ती नेऊन पहिल्यासारखी केली आणि आपल्या मुख्य कार्यालयात ठेवली. त्या गाडीच्या नशिबी कंपनी आली. आपल्या दारातल्या गाडीला आपणच.

आता वहिनी, यजमानांशी बोलायचे कसे? 'नको' या शब्दाने सुरुवात करू नका. त्यांना लाल रंग हवा आहे असे मला वाटत नाही. वडील गेल्यावर अडीच वर्षे त्या गाडीकडे बघवत नाही, म्हणून ती निराळी दिसावी असे वाटत असेल. पुरुषमाणसे हे बोलून दाखवत नाहीत, गॅरेजवाल्याकडून अंदाज आणतात. एखाद्या रविवारी सकाळी बादली आणि जुने धोतर घेऊन तुम्हीच अंगणात जा. यजमानांना हाक मारा. मुलालाही बोलवा. बाइक हवी असलेल्या मुलाला बॉनेटखाली बघायला आवडेल. सासूबाईंना खुर्ची टाकून सावलीत बसवा आणि मामंजी कशी धुवायचे ते विचारा. एकदा धुऊन झाली, खालचा पांढरा रंग दिसला, की मग वही काढा.

आणि तुमचा तो ताजा कलम घरात सांगा बरे का! मामंजींनी दाराचा आवाज सहन केला नाही, पण स्टिअरिंग तुमच्या हातात दिले. गाडी तुमचीही आहे. कागद झाले, ब्रेक झाले, टायर झाले की पहिल्या फेरीला तुम्हीच बसा. गुरुवार सोडून निघा, बाजाराच्या दिवशी छावणीत गर्दी फार. पहाटेची वेळ धरा, सासूबाईंना शेजारी बसवा, यजमानांना मागे. क्लच जुना आहे, हळू सोडा.

कशी चालली ते मला जरूर कळवा. इतर बहिणींनीही आपापल्या घरातल्या अशा जुन्या वस्तूंविषयी लिहावे. पुढच्या आठवड्यात तांब्या-पितळेच्या भांड्यांविषयी आलेल्या पत्रांना उत्तरे देईन.

तुमची,
ताई